गांधार पेटीवर शोधू नकोस

चि. सानिका हिस,


तू पाठवलेला यमन दोनदा ऐकला. आवाज मोकळा झालाय, दमसास वाढलाय. पण गांधार चढा लागतो, आणि दर वेळी तेवढाच चढा. म्हणजे तो पेटीवरून गळ्यात बसला आहे.

कुठल्याही पट्टीतून वाजवता यावं म्हणून पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. या तडजोडीची झळ पंचमाला फारशी लागत नाही, गांधाराला लागते. षड्ज २४० कंपनांचा धर. त्याच्याशी तंतोतंत मिळणारा गांधार ३०० चा. पेटीचा सुमारे ३०२.४ चा. फरक क्षुल्लक वाटेल, पण पेटीवर सा आणि ग एकदम दाबून धर. बारीक थरथर ऐकू येईल. तंबोऱ्यावर गाताना तीच थरथर कानाला खुपते.

तेव्हा सकाळच्या रियाजाला पेटी उघडूच नकोस. तंबोरा स्वतः लाव, बाबांकडून लावून घेऊ नकोस. जोडाच्या तारा एकजीव झाल्या की खर्जाकडे वळ. घोडीवरचा दोरा तारेखाली अगदी केसभर पुढे-मागे सरकवत राहा. एका जागी जवारी खुलते आणि खर्जातून न छेडलेला गांधार बोलू लागतो. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तो ऐकू आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मग आकारात गांधारावर थांब. तुझा आवाज तारेपासून वेगळा ओळखू येईनासा झाला की जागा बरोबर.

बावीस श्रुतींबद्दल विचारलं होतंस. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली त्यांवर पुस्तक लिहिलं. त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँसाहेबांची साथ होती. ते पुस्तक जरूर वाच. पण श्रुतींचं कोष्टक समोर ठेवून गाऊ नकोस. दरबारीचा गांधार आंदोलित आहे, तो एका आकड्यावर थांबतच नाही. भैरवचा रिषभही तसाच. ते स्वर गुरूंच्या समोर बसूनच घ्यायचे. माझ्या पत्रातून येणार नाहीत.

द्रुत बंदिशींची घाई सध्या नको. महिनाभराने हाच यमन पुन्हा पाठव, नुसत्या तंबोऱ्यावर गायलेला.

तुझी,
आत्या