मुलाचा ताप आणि वैद्याची वेळ

काशीचा बालाजी घाट पेशव्यांच्या नावाशी निगडित आहे. शेजारच्या दुर्गाघाट-ब्रह्माघाट परिसरात मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली. तेथून दक्षिणेस, दशाश्वमेधाजवळ, शीतलामातेचे मंदिर आहे. मुलाला ताप भरला की देवीचा कोप मानून वाट पाहण्याची रीत जुनीच. देवीचा रोग १९७५ साली भारतातून गेला. वाट पाहण्याची सवय मात्र सहजी गेली नाही.

तीन महिन्यांच्या आतील अर्भकाचा ताप १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक असेल, तर ते कितीही शांत दिसो, तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. या वयात गंभीर जंतुसंसर्गाचे तापाखेरीज दुसरे लक्षण पुष्कळदा दिसतच नाही. मोठ्या मुलाच्या बाबतीत आकड्याहून मूल पाहावे. १०२ अंश ताप असूनही पाणी पिणारे, मधूनमधून खेळणारे मूल एक वेळ घरी ठेवता येते. १०० अंशांतच मलूल पडलेले नव्हे. अंगावर न पिणे, प्यालेले सर्व ओकणे, आकडी, ग्लानी, मान ताठरणे, लघवी फार कमी होणे, यांपैकी एकही दिसल्यास रात्र उजाडण्याची वाट पाहू नये. पूर्व उत्तर प्रदेशात १९७८ पासून मेंदूज्वराने असंख्य मुले दगावली. त्याचा आरंभही साध्या तापासारखाच होतो.

श्वासही मोजावा. मूल शांत असता छाती उघडी करून पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिने ते एक वर्षाच्या मुलात ५० वा अधिक श्वास भरल्यास न्यूमोनियाची शंका घ्यावी.