परक्याचा पाहुणचार

शास्त्रपाठ : उत्पत्ति 18:1-8, लेवीय 19:33-36

शिक्षक बंधुभगिनींनो, ग्वाल्हेरचा किल्ला पाहायला आलेला प्रवासी गाडीतून उतरताच प्रथम कोणाला भेटतो? हमालाला, रिक्षावाल्याला, लॉजच्या नोकराला. त्यांत आपल्या मंडळीचे सभासदही असू शकतात.

अब्राहाम भर उन्हात तंबूच्या दाराशी बसला होता. तिघे अनोळखी दिसताच तो धावत सामोरा गेला. थोडी भाकर आणतो म्हणाला, आणि पुढे मांडले ते कोवळे वासरू, दही, दूध. बोलणे थोडे, देणे पुष्कळ! बाजारात बहुधा याच्या उलट असते.

लेवीयातला क्रम मुलांना अवश्य दाखवा. परदेशीयावर प्रीती करण्याची आज्ञा 34व्या वचनात येते. लगेच 35व्यात खोट्या मापांची मनाई. हा शेजार उगाच नाही. परक्याला भाव ठाऊक नसतो, भाडे ठाऊक नसते. म्हणून त्याच्यावरील प्रीतीची परीक्षा आधी तराजूतच होते. हसून "या, बसा" म्हटले आणि दुप्पट भाडे घेतले, तर ते स्वागत कसले?

पुढच्या रविवारी मुलांनी स्टेशनापासून किल्ल्यापर्यंतचे वाजवी भाडे घरी विचारून यावे.