न पोहोचणारी ओळ

प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करतो तो कंपायलर. ‘रिटर्न’ या आज्ञेनंतर लगेच लिहिलेली ओळ कधीच अमलात येत नाही. तिचे कंपायलर काय करतो, हे आम्ही विद्यार्थ्यांना करून पाहण्यास सांगतो. जावाचा कंपायलर चूक दाखवून प्रोग्रामच नाकारतो. पवईच्या आयआयटीत ज्याच्या अंतरंगाचे धडे दिले गेले, तो सी भाषेचा जीसीसी मात्र ती ओळ निमूटपणे स्वीकारतो आणि यंत्रभाषेतून वगळतो.

हा निमूट स्वीकार इतिहासालाही ठाऊक आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव १९२३ साली मुंबई विधिमंडळात संमत झाला. हक्क लिहिला गेला, पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा ती ओळ अमलात आली.

विद्यार्थ्यांनो, लिहिलेले चालते का, हे स्वतः पारखा. तथागतांची शिकवणही तीच आहे.