पुण्यकोटीची कथा आणि मुलांचे सत्यशिक्षण

श्रीमद्भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात भगवंतांनी दैवी संपत्तीची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत अहिंसेच्या लगोलग सत्याची गणना आहे. ही संपत्ती आपल्या मुलांच्या ठिकाणी यावी, अशी इच्छा कोणत्या आईबापांस नसते? परंतु ‘खरे बोलावे’ एवढ्या उपदेशाने ती येत नाही. लहान मुलास तत्त्व कळत नाही. आई कळते, भूक कळते, ताटातूट कळते. म्हणूनच आपल्या पूर्वजांनी सत्याचा पहिला पाठ कथेतून दिला. बालपणी पाहिलेल्या हरिश्चंद्राच्या नाटकाने आपल्या मनाची पकड कशी घेतली, हे महात्मा गांधींनी आत्मकथेत सांगितले आहे.

कर्नाटकात हे कार्य पुण्यकोटी गायीच्या कथेने केले आहे. तेथे ही कथा ‘गोविन हाडु’, म्हणजे गायीचे गाणे, या लोकगीताच्या रूपाने पिढ्यान् पिढ्या गाइली जात आहे. कानडी शालेय पुस्तकांतूनही ती मुलांच्या हाती आली. बंगळूरसारख्या बहुभाषी नगरात ती निरनिराळी मातृभाषा असलेल्या घरांतही पोहोचली आहे. 2020 मध्ये बंगळूरचे व्ही. रविशंकर यांनी तिच्यावर संस्कृत भाषेत ‘पुण्यकोटी’ नावाचा ॲनिमेशनपट काढला.

कथा अशी : काळिंग नावाच्या गवळ्याच्या कळपात पुण्यकोटी नावाची गाय होती. एके दिवशी रानातून परतताना अर्बुत नावाच्या भुकेल्या वाघाने तिला अडविले. ती म्हणाली, “घरी माझे वासरू वाट पाहत आहे. त्याला पाजून मी परत येते.” वाघाने वचन घेऊन तिला सोडले. तिने घरी येऊन वासरास दूध पाजले, सर्व हकीकत सांगितली आणि कळपातील गायींच्या ओटीत त्याला घातले. वासराने नाना प्रकारे विनविले. तरी ती वाघापुढे जाऊन उभी राहिली. तिचे सत्य पाहून वाघाचे हृदय पालटले. आपल्या क्रौर्याची त्याला लाज वाटली आणि त्याने कड्यावरून उडी टाकून प्राण दिला.

या कथेतील तीन गोष्टी आईबापांनी विशेष लक्षात घ्याव्यात.

पहिली गोष्ट : पुण्यकोटीने आधी सवलत मागितली; वचन देऊन मग पळवाट शोधली नाही. घरी पोहोचल्यावर तिला बोलावण्यास कोणी येणार नव्हते. कोणी पाहत नसताना जो पाळला जातो, तोच खरा नियम. मुलांस सांगावे की नियम जड वाटला तर मोकळेपणाने सूट मागावी. मिळाली तर तिची मर्यादा पाळावी. परंतु लपून नियम मोडू नये.

दुसरी गोष्ट : सत्यासाठी निघताना तिने वासरास वाऱ्यावर सोडले नाही. सत्य पाळणारा मनुष्य इतर कर्तव्यांविषयी निष्ठुर होत नाही.

तिसरी गोष्ट फलाविषयी आहे. पद्मपुराणात अशीच कथा नंदा नावाच्या गायीची आहे. तेथे वाघ हा शापित राजा प्रभंजन असून तो अखेरीस शापमुक्त होतो. श्रावण वद्य चतुर्थीस, म्हणजे उत्तरेकडील गणनेप्रमाणे भाद्रपद कृष्ण चतुर्थीस, सांगितल्या जाणाऱ्या बहुला गायीच्या कथेत तर साक्षात श्रीकृष्णच सिंहरूपाने तिची परीक्षा पाहतात. शेवट तीन प्रकारचे. परंतु गायीचे परत येणे तिन्ही ठिकाणी एकच. फळ आपल्या हाती नाही, कर्म आपल्या हाती आहे, ही भगवंतांची शिकवण येथे बालकासही कळेल अशी उभी आहे. म्हणून ‘खरे बोललीस तर बक्षीस मिळेल’ असा सौदा या कथेतून काढू नये. गाय परत निघाली त्या क्षणी तिला शेवट ठाऊक नव्हता, हे मुलास सावकाश समजू द्यावे.

मूल थोडे मोठे झाले की ते विचारील, “दुष्टाला दिलेले वचनही पाळायचे का?” हा प्रश्न टाळू नये. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्णांनी अर्जुनास कौशिक ब्राह्मणाची कथा सांगितली आहे. त्याने लुटारूंना लपलेल्या लोकांचा पत्ता खरा खरा सांगितला, आणि त्या सत्याने त्याची अधोगती झाली. ज्या बोलण्याने निरपराध्याचा घात होतो, ते सत्याच्या पदवीस पोहोचत नाही. तसेच, कोणी भीती घालून ‘घरी सांगू नकोस’ असे मुलाकडून वदवून घेतले, तर ते वचन मोडून आईबापांस सारे सांगणे हाच धर्म होय. पुण्यकोटीनेही वाघाची गोष्ट आपल्या माणसांपासून लपविली नव्हती, हे येथे अवश्य दाखवावे.

आता मुख्य गोष्ट. श्रेष्ठ जसे वागतो तसेच इतर लोक वागतात, असे गीतेचा तिसरा अध्याय सांगतो. आणि घरात मुलाच्या दृष्टीने श्रेष्ठ म्हणजे आईबापच. रात्री पुण्यकोटीची गोष्ट सांगणाऱ्या पित्याने सकाळी फोनवर ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ असे मुलाकडून वदविले, अर्ध्या तिकिटासाठी त्याचे वय कमी सांगितले, किंवा चौकात पोलीस नाही असे पाहून लाल दिव्यातून वाहन पुढे काढले, तर मूल रात्रीची गोष्ट विसरते आणि सकाळचा धडा घेते. मुलास दिलेला लहानसा शब्दही पाळावा. पाळणे अशक्य झाले तर वेळ टळून जाण्यापूर्वीच त्याची परवानगी मागावी. पुण्यकोटीने वाघाकडे मागितली, तेथे आपल्या लेकराकडे मागण्यात कमीपणा कसला?

कथा लहान आहे. तिचे आचरण जन्मभराचे आहे. आईबापांनी ती मुलांस सांगावी, आणि सांगताना आपणही ऐकावी. भगवान सर्व घरांत सत्याची रुची उत्पन्न करोत.