मुलांमधील आहारविकार : चाळणी आणि निदान

शाळकरी वयात आहारविकारांचे प्रमाण किती, या प्रश्नाची दोन उत्तरे दिली जातात आणि ती परस्परांशी जुळत नाहीत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६ देशांतील ३२ पाहण्या एकत्रित करण्यात आल्या. ६३ हजारांहून अधिक मुलामुलींपैकी सुमारे २२ टक्क्यांचे खाण्यासंबंधीचे वर्तन बिघडल्याची लक्षणे त्यांत आढळली. मुलींमध्ये ३० टक्के, तर मुलग्यांमध्ये १७ टक्के. उलट, १३ ते १८ वर्षे वयाच्या अमेरिकन मुलांच्या सविस्तर मुलाखतींवर आधारलेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीचे आकडे फारच लहान आहेत. वजनवाढीच्या भीतीने अन्न तोडणे, म्हणजे अ‍ॅनोरेक्सिया, ०.३ टक्के, भरमसाट खाऊन ते उलटीने वा अन्य मार्गाने बाहेर टाकणे, म्हणजे बुलिमिया, ०.९ टक्के; आणि नुसते अनावर खाणे १.६ टक्के.

ही तफावत मोजमापाची आहे. पहिल्या अभ्यासाचा आधार म्हणजे १९९९ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेली पाच प्रश्नांची चाचणी. पोटाला तडस लागली म्हणून मुद्दाम उलटी करता काय? खाण्यावरचा ताबा सुटल्याची चिंता वाटते काय? तीन महिन्यांत सहा किलोहून अधिक वजन उतरले काय? इतर जण बारीक म्हणत असता आपण लठ्ठ आहोत असे वाटते काय? सारे आयुष्य अन्नानेच व्यापले आहे काय? दोन उत्तरे होकारार्थी आली की मूल चाळणीत अडकते. चाळणी म्हणजे निदान नव्हे. ते तज्ज्ञाचे काम. शिवाय वजनाचा प्रश्न मोठ्या माणसांच्या मापाने बेतलेला आहे. वाढत्या मुलाचे वजन उतरले नाही, पण उंचीबरोबर वाढलेही नाही, तरी ती धोक्याची खूण होय.

तथापि मोठा आकडा अवास्तव म्हणून बाजूस सारणे योग्य ठरणार नाही. अमेरिकेच्या पाहणीत विकारग्रस्त मुलांपैकी थोड्यांनाच खाण्याच्या तक्रारीवर उपचार मिळाले होते. ही मुले आपली व्यथा लपवितात, आणि अ‍ॅनोरेक्सिया तर मनोविकारांमध्ये सर्वाधिक प्राणघातक विकारांपैकी एक आहे. २०२३ च्या अभ्यासात उंचीच्या मानाने वजन जास्त असलेल्या मुलांमध्ये लक्षणांचे प्रमाण अधिक दिसले. केवळ कृश मुलींवर लक्ष ठेवणाऱ्या शिक्षकाच्या नजरेतून, वर्गात ‘जाड्या’ म्हणून हिणवला जाणारा मुलगा सुटतो तो असा.

आपल्याकडे कुपोषण व रक्तक्षय यांकडे प्रथम लक्ष जाते, आणि ते रास्तच आहे. परंतु घरी पुरेसे अन्न नसलेली मुलगी आणि उपवासाच्या नावाखाली डबा परत नेणारी मुलगी, या दोघींची नोंद वजनाच्या वहीत सारखीच दिसते. त्यांना लागणारे साहाय्य मात्र वेगळे आहे. २०१४ पासूनच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात पोषण व मानसिक आरोग्य हे दोन्ही विषय अंतर्भूत आहेत. शाळेत वजने घेताना ती वर्गासमोर मोठ्याने वाचू नयेत, आणि शंका आल्यास मुलाशी व पालकांशी एकांतात बोलून त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावे. मानसिक आरोग्याविषयी सल्ल्यासाठी १४४१६ या ‘टेलि-मानस’च्या क्रमांकावर विनामूल्य संपर्क साधता येतो.