गरोदरपणात मॅग्नेशियमची गोळी : घ्यावी की नाही?



दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या आपल्या वस्त्या ओस पडू लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि त्यांत गरोदर बायाही असतात. दिवसभर फडात वाकायचे, डोक्यावर मोळी वाहायची. मग रात्री पोटऱ्यांत गोळे येतात आणि झोप उडते. अशा वेळी कोणीतरी सांगते, "मॅग्नेशियमची गोळी घे, बरे वाटेल." ही गोळी घ्यावी का, हे आज आपण समजून घेऊ.

मॅग्नेशियम हे शरीराला लागणारे खनिज आहे. स्नायू आणि नसांचे काम त्यावर चालते. ते आपल्या घरच्या जेवणातच असते : बाजरी-ज्वारीची भाकरी, शेंगदाणे, तीळ, डाळी, हिरव्या पालेभाज्या. पायातले गोळे या गोळीने थांबतात, असे अभ्यासांत खात्रीने दिसलेले नाही. म्हणून प्रत्येक गरोदर बाईने ती घ्यावी असे सरकारी कार्यक्रमात नाही. जास्त घेतली तर जुलाब होतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर ती धोक्याची ठरू शकते. डॉक्टरांनी लिहून दिली तरच घ्या, दुकानातून आपल्या मनाने आणू नका.

गोळा आला की पाय सरळ करून पंजा आपल्याकडे ओढा, पोटरी चोळा, पाणी भरपूर प्या. मात्र एकच पाय सुजला, लाल आणि गरम होऊन दुखू लागला, तर लगेच दवाखाना गाठा.

ज्या गोळ्या खरोखर लागतात, त्या आशाताईंकडे आणि उपकेंद्रात फुकट मिळतात. चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी रोज एक आणि कॅल्शियमच्या गोळ्या रोज दोन. बाळंतपणानंतरही सहा महिने त्या चालू ठेवायच्या. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तासांचे अंतर ठेवा. लोहाच्या गोळीबरोबर चहाही नको. शौच काळी झाली तर घाबरू नका, ती लोहामुळे होते.

आता मॅग्नेशियमचे दुसरे रूप. पाचव्या महिन्यानंतर काही बायांचा रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जातो. डोके फार दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, तोंड-हात सुजतात, पोटाच्या वरच्या भागात दुखते. वेळीच उपचार झाला नाही तर झटके येतात, आई आणि बाळ दोघेही दगावू शकतात. या झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन देतात. ३३ देशांतल्या सुमारे १०,००० बायांवर झालेल्या अभ्यासात, रक्तदाब वाढलेल्यांना हे इंजेक्शन दिल्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. पण इंजेक्शन देताना श्वास, लघवी आणि गुडघ्याची हालचाल तपासत राहावी लागते, म्हणून ते दवाखान्यातच द्यायचे. दुकानातली गोळी त्याचे काम करत नाही.

झटका म्हणजे बाहेरची बाधा नव्हे. अंगारा, उतारा यांत घालवलेला एकेक तास जिवावर बेततो. चप्पल किंवा कांदा हुंगवू नका, तोंडात पाणी किंवा चमचा घालू नका. तिला डाव्या कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

टोळीबरोबर जाणे भागच असेल, तर निघण्याआधी रक्तदाब, लघवी आणि रक्त तपासून घ्या. माता-बाल संरक्षण कार्ड आणि गोळ्या सोबत ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी होते. कारखान्याच्या गावीही ती करून घ्या.

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. आईला विश्रांती मिळावी, तो भार तिच्या एकटीवर पडू नये, हा विचार घरातूनच सुरू होतो. म्हणून पुरुष मंडळींना आम्ही सांगतो : उचल फेडायची आहे म्हणून तिची तपासणी चुकवू नका. त्या दिवशी कोयता बाजूला ठेवा आणि तिच्याबरोबर दवाखान्यात जा.