प्रथिनाचा नमुना यंत्रापर्यंत नेताना
(विज्ञान विभागाकडून)

तारनाका आणि हबसीगुडा यांच्या दरम्यान उप्पल रस्त्यावर आयआयसीटी आणि सीसीएमबी या दोन राष्ट्रीय प्रयोगशाळा शेजारी शेजारी उभ्या आहेत. तुमच्यापैकी अनेकजण रोज मेट्रोने त्यांच्यावरून जातात. १९७७ साली सीसीएमबीचा आरंभ झाला तो या शेजाऱ्याच्याच आवारात. त्या वेळी त्या संस्थेचे नाव रिजनल रिसर्च लॅबोरेटरी असे होते. रेणूंचे वजन करणारे मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र या दोन्ही ठिकाणी आहे. यंत्राविषयी पुस्तकात वाचायला मिळते, पण त्यात घालायचा नमुना कसा तयार करतात हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून हा पाठ.

सिकलसेल हा रक्ताचा आजार गडचिरोली, नंदुरबार आणि आपल्याकडे आदिलाबाद भागात बराच आढळतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यातले सहावे, ग्लुटामिक आम्ल, जाऊन तेथे व्हॅलिन येते. बस्स, एवढाच बदल. १९५६ साली केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हिमोग्लोबिनचे ट्रिप्सिनने तुकडे केले, ते कागदावर पसरवले आणि एकच तुकडा वेगळा असल्याचे दाखवले. ट्रिप्सिन म्हणजे आपल्या लहान आतड्यात अन्नातील प्रथिने पचवणारे विकर. ते लायसिन आणि आर्जिनिन या दोन अमिनो आम्लांच्या पुढेच साखळी तोडते. आजही हेच विकर वापरतात, फक्त कागदाच्या जागी यंत्र आले आहे. बीटा साखळीचा पहिला, आठ अमिनो आम्लांचा तुकडा निरोगी रक्तात ९५२.५ या आकड्यावर दिसतो, तर सिकलसेलमध्ये ९२२.५ वर. फरक ३० डाल्टनचा, म्हणजे साधारण तीस हायड्रोजन अणूंच्या वजनाइतका!

एवढा बारीक फरक ओळखणाऱ्या यंत्राला एक गोष्ट मात्र कळत नाही. समोर आलेला तुकडा रुग्णाच्या रक्तातला की नमुना तयार करणाऱ्याच्या केसातला, हे ते विचारत नाही. जे येईल ते तोलते.

आपले केस, नखे आणि त्वचेचा वरचा थर केराटिन या प्रथिनाचे असतात. नमुन्यातील प्रथिन बहुधा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात मोजण्याइतके असते. त्यात त्वचेचा एक कण पडला तरी केराटिनचेच तुकडे वरचढ होतात, आणि महिनोन् महिने मेहनत करून वेगळे काढलेले प्रथिन त्याखाली झाकले जाते. म्हणून हातमोजे नायट्राइलचे घालायचे, कारण लॅटेक्सच्या मोज्यांत रबराच्या झाडाची स्वतःची प्रथिने असतात. केस बांधायचे. जेलचे भांडे झाकलेले ठेवायचे. लोकरीचा स्वेटर काढून ठेवायचा, नाहीतर निकालात मेंढी सापडते! (हैदराबादेत थंडी ती किती, तरी डिसेंबरात स्वेटर निघतातच.)

आता प्रत्यक्ष कृती. मिश्रणातील प्रथिने जेलमध्ये विजेच्या साहाय्याने वेगळी करून निळ्या रंगाने रंगवतात. हवी ती पट्टी स्वच्छ पात्याने कापून तिचे सुमारे एक मिलिमीटरचे तुकडे करतात. रंग धुऊन काढतात. मग प्रथिनाच्या घडीतले गंधकाचे बंध डीटीटीने सोडवतात आणि ते पुन्हा जुळू नयेत म्हणून अंधारात आयोडोअॅसिटामाइड लावतात. यामुळे प्रत्येक सिस्टीनचे वजन ५७ ने वाढते. ही वाढ संगणकाला आधी सांगावी लागते. त्यानंतर ३७ अंशांवर रात्रभर ट्रिप्सिन. ज्या द्रावणात हे पचन होते त्यात अमोनियम बायकार्बोनेट असते, बेकरीत बिस्किटे फुलवायला वापरतात तेच. ते निवडण्याचे कारण आम्हाला फार आवडते: वाळवताना ते वायू होऊन उडून जाते, मागे क्षार उरत नाही. क्षार उरले की रेणूंना सोडियम चिकटतो आणि वजन २२ ने सरकते.

साबणाच्या जातीचे पदार्थ याहून वाईट. पेशी फोडायला ते लागतात, पण धुऊन काढले नाहीत तर ट्रायटनसारखा पदार्थ ४४-४४ च्या अंतराने शिखरांची लांबच लांब रांग उभी करतो आणि प्रथिन दिसेनासे होते. शिवाय तो यंत्राच्या नळीत रेंगाळतो. तुमच्या मागून ज्याचा नमुना लागणार असतो, त्याचेही काम बिघडते. म्हणून नमुन्यासोबतच्या अर्जात काय काय वापरले ते सर्व लिहायचे, लपवायचे नाही. प्रथिन कोणत्या जीवाचे, तेही लिहायचे, कारण संगणक मोजलेली वजने त्या जीवाच्या ज्ञात प्रथिनांशी ताडून पाहतो. नमुना रुग्णाचा असेल आणि त्यात संसर्गाची शक्यता असेल तर ते पहिल्या ओळीत. नळी उघडणारा माणूस तुम्हाला ओळखत नसतो.

येथे कोइची तानाका आठवतात. १९८५ साली क्योटोच्या शिमाद्झू कंपनीत काम करताना त्यांनी कोबाल्टच्या भुकटीत चुकून ग्लिसरीन ओतले. टाकून देण्याऐवजी त्यांनी ते मिश्रण तपासले, आणि मोठे रेणू न मोडता तोलण्याची वाट सापडली. २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे. भुकटीत काय पडले हे त्यांना नेमके ठाऊक होते, म्हणून तो प्रयोग पुन्हा करता आला.

बारावीच्या मुलांना हे आताच कशाला, असे काही पालक म्हणतील. दोन-चार वर्षांत यांतलीच काही मुले प्रकल्पासाठी अशा प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी नळ्या घेऊन उभी असतील. विश्वस्तांना एवढेच सांगावेसे वाटते की याच्या सरावासाठी महागडे यंत्र लागत नाही. हातमोज्यांची खोकी, झाकणाच्या नळ्या आणि पाने क्रमांकित केलेली नोंदवही पुरते.

नळीवर नाव झाकणावर आणि अंगावर, दोन्हीकडे लिहावे. स्पिरिटचा ओला हात लागला की साध्या मार्करची शाई पुसली जाते, आणि झाकणांची अदलाबदल तर कोणाच्याही हातून होते. ओला नमुना उणे ७८ अंशांच्या कोरड्या बर्फात न्यावा. शनिवारी दुपारी मात्र पाठवू नये. रविवारी तो बर्फ उडून जातो आणि सोमवारी नुसतेच खोके उघडावे लागते.